खडीची रेल्वे: डोंगर ते धक्का

(पडद्यावर: कापलेला काळा कडा, पायथ्याशी क्रशर)

हा सह्याद्री नव्हे. कडा तसाच काळा आणि दगडही तोच, बेसॉल्ट. पण हा अमेरिकेतल्या कनेटिकटचा टोटोकेट डोंगर. वयानं थोरला: आपला दख्खनचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, हा वीस कोटींचा.

इथली खडी समुद्राकडे न्यायला स्वतंत्र रेल्वे आहे, जेमतेम अकरा-बारा किलोमीटरची. नाव ब्रॅनफर्ड स्टीम रेलरोड. वाफ केव्हाच गेली, इंजिनं डिझेलची, पण नाव तेच. सुरुवातही दगडासाठी झाली नव्हती. १९०३ मध्ये लुईस फिस्क या स्थानिक व्यावसायिकानं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासाठी ही रेल्वे काढली. खाणीतली खडी आली १९१४ च्या सुमारास. शर्यती संपल्या, खडी अजून चालूच आहे.

(पडद्यावर: वाघिणीत पडणारी खडी. इथे निवेदन नाही, मूळ आवाज ठेवावा.)

भरलेली गाडी लगेच हलत नाही. आधी हवा भरायची. इंजिनातली दाबाची हवा नळीतून थेट शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचली पाहिजे. हा दाब उतरला की ब्रेक लागतात, म्हणून नळी तुटली तरी गाडी आपोआप थांबते.

खाण वर, समुद्र खाली. म्हणजे चढाला रिकाम्या वाघिणी, उताराला भरलेल्या. ओढायला सोपं, चालकाचा कस लागतो तो आवरण्यात. दाब बेतानं उतरवायचा. एकदम उतरवला तर मागचं वजन पुढच्या वाघिणींवर आदळतं, आणि सारखा ब्रेक लावत-सोडत राहिलं तर हवा पुन्हा भरायला सवडच मिळत नाही, ब्रेकचा जोर कमी पडतो.

(पडद्यावर: फाटक, थांबलेल्या गाड्या)

भोंगा ऐका. दोन लांब, एक आखूड, एक लांब. अमेरिकेत फाटकाआधी असाच वाजवायचा, नियमच आहे.

(पडद्यावर: पाइन ऑर्चर्डचा धक्का, बार्ज)

धक्क्यावर खडी बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेत चढते आणि लाँग आयलंड साउंड या समुद्राच्या पट्ट्यातून पुढे जाते. सगळीच नाही. काही वाघिणी ॲमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेच्या किनारी मार्गावर प्रॉव्हिडन्स अँड वुस्टर रेल्वेच्या ताब्यात दिल्या जातात. तिथल्या मोठ्या हॉपर (तळातून माल सोडणाऱ्या) वाघिणीत शंभर टनांच्या आसपास माल बसतो. तेवढ्यासाठी चार ट्रक लागले असते, आणि तेही आय-९५ सारख्या आधीच तुंबलेल्या महामार्गावर. अशी एक गाडी सुटताना बघितली की रस्त्यानं खडी वाहण्याचा हट्ट कशासाठी, हे कळेनासं होतं.

खाणीशेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला हादरे आणि धूळ येते, तेही आहेच.

(पडद्यावर: मूठभर खडी, अगदी जवळून)

या खडीच्या कडा बघा. धारदार, कोनदार. म्हणूनच ती एकमेकींत अडकून घट्ट बसते आणि हलत नाही. डांबरी रस्त्यात चालते, काँक्रीटमध्ये चालते, आणि रुळांखाली अंथरायला तर याहून चांगला दगड शोधावा लागेल.