एकदाचा

नमस्कार मंडळी! आज एका कोरियन पिक्चरबद्दल बोलायचंय, आणि आधीच सांगते, शेवट फोडणारे, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी पाच मिनिटं रेडिओ बारीक करा, नंतर मला शिव्या घालू नका.

पिक्चर 'डिसिजन टू लीव्ह', २०२२ चा, डायरेक्टर पार्क चॅन-वूक. त्याच्या आधीच्या 'ओल्डबॉय' पिक्चरमधली हातोड्याची मारामारी ज्यांनी पाहिलीय ते अजून विसरले नसतील, म्हणून मी आपली उशी घेऊनच बसले होते, डोळे झाकायला. इथे मारामारी त्या मानाने बेताचीच, पण उशी लागलीच, वेगळ्या कारणाने. ह्याच्यासाठी त्याला कान फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट डायरेक्टरचं बक्षीस मिळालं, ते असो.

तर बुसानमधला एक इन्स्पेक्टर, हे-जुन. रात्र-रात्र झोप नाही, पण माणूस एकदम टापटीप, नाना खिसे आणि खिशात सगळं. एक माणूस डोंगरावरून पडून मेलाय. त्याची बायको सो-रे मूळची चीनची, म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम करते, कोरियन बोलते पण सिरियली बघून शिकलेलं. (तांग वेई, काय काम केलंय बाईने!) ती पोलिसांना सांगते, नवरा डोंगरावर गेला की मला काळजी वाटायची, 'एकदाचा' मेला की काय. आता बघा हं, पाऊस एकदाचा आला, लग्न एकदाचं उरकलं असं आपण म्हणतो, पण नवरा एकदाचा? इन्स्पेक्टर त्या शब्दापाशीच अडकतो. बाईची भाषा चुकली का मनातलं निसटलं? तपास तिथेच सुरू होतो आणि प्रेमही, खरं तर.

चौकशीच्या खोलीत तो तिच्यासाठी महागडी सुशी मागवतो. मला आवडलं ते नंतरचं. खाऊन झाल्यावर दोघं टेबल आवरतात, ह्याने डबे उचलायचे तिने पुसून घ्यायचं, एक शब्द नाही, जणू वीस वर्षांचा संसार! मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.

पुढे त्याला कळतं की खून तिनेच केलाय, पुरावा एका मोबाईलमध्ये. तो म्हणतो, मी एवढा मानी पोलीस, तुझ्यापायी पार कोसळलो, हा फोन समुद्रात खोल फेकून दे, कुणाला सापडता कामा नये. आणि निघून जातो. 'कोसळणं' ह्या शब्दाचा अर्थ तिला येत नसतो, ती मोबाईलवर शोधते. आपल्याला ऐकू येतं एका प्रामाणिक माणसाचं वाटोळं, आणि तिला ऐकू येतं की ह्याचं माझ्यावर प्रेम आहे. ते तिने रेकॉर्ड केलेलं असतं आणि परत परत ऐकते. पुढे तो विचारतो, मी कधी म्हणालो असं? आणि खरंच हो, प्रेम हा शब्द त्याने काढलेलाच नसतो!

शेवट समुद्रावर. ओहोटीला ती बादलीने वाळू उपसून खड्डा करते, आत बसते, भरती येते. तो धावत येतो, नावाने हाका मारतो, त्याच वाळूवरून इकडे तिकडे फिरतो. पाणी वाढतंय, आणि तो मध्येच वाकून बुटाची लेस बांधतो.