मान सरळ करा

नमस्कार, श्रोतेहो.

माझे डोळे स्थिर राहत नाहीत. बुबुळं सारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी हलवत नाही, ती आपली आपण हलतात. याला निस्टॅग्मस म्हणतात. समोर बसलेला माणूस पहिली पाच मिनिटं माझं बोलणं ऐकत नाही, डोळेच बघत बसतो. रेडिओवर तो धोका नाही.

माझ्यासारख्यांना हे जन्मल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच सुरू होतं. चष्म्यानं नंबर सुधारतो, हलणं थांबत नाही. लोक विचारतात, मग तुम्हाला सगळं हलताना दिसतं का? नाही. मेंदूला तेवढं सांभाळून घेता येतं. मोठेपणी नव्यानं झालं, तर मात्र जग हलताना दिसू शकतं. पुन्हा सांगते: मोठेपणी डोळे अचानक हलायला लागले, तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे एका ठरावीक दिशेला बघताना जास्तीत जास्त शांत होतात. माझी ती दिशा उजवी. म्हणजे समोरचं नीट दिसायला मला मान डावीकडे वळवावी लागते. शाळाभर ऐकलं, "मान सरळ कर." मान सरळ केली की फळा गेला!

माझ्यासारखं दुसरं माणूस मला भेटलं ते चौतिसाव्या वर्षी. ब्रिटनमध्ये निस्टॅग्मस नेटवर्क ही आमच्यासारख्यांची संस्था १९८४ पासून आहे, २० जूनला जागृती दिवसही पाळतात. आमचा गट लहान, फोनवरून जमलेला. एकदा ठरलं, भेटूया.

हॉलमध्ये खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. मी सवयीनं डाव्या टोकाला गेले, म्हणजे व्यासपीठ आपोआप उजवीकडे येतं. बघते तर तिथे आधीच पाच जण! उरलेले उजव्या टोकाला. मधल्या खुर्च्या रिकाम्या. मदतीला आलेला मुलगा बिचारा सांगतोय, "मधे या ना, इथनं छान दिसतं." एकही उठेना. (खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवायची कल्पना ज्यानं काढली, त्याला एकदा भेटायचंय मला. आणि पांढऱ्या पडद्यावर फिकट राखाडी अक्षरं टाकणाऱ्यालाही. फिकट राखाडी! कुणासाठी?)

एक आई चार महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. भाषणं तिनं ऐकली नाहीत. शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "हिला वाचता येईल का हो?" त्या बाईंनी फोन काढला, नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि त्यांच्या मुलानं पाठवलेला निरोप मोठ्यानं वाचला: येताना दूध आण. आई हसली आणि हसता हसता रडली. जवळ धरलं की पुष्कळांचे डोळे थोडे शांत होतात, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग फोटो. फोटोग्राफरनं कॅमेरा लावला, आमच्याकडे पाहिलं आणि कामाला लागला. माझी मान धरून सरळ केली. शेजारच्याची केली. एक आजोबा हनुवटी वर करून उभे, त्यांची खाली केली. टोकाला पोचेपर्यंत माझी पुन्हा डावीकडे. तो परत आला. परत केली. तोवर आजोबांची वर. तिसऱ्या फेरीला घाम पुसत म्हणाला, "अहो, सगळ्यांनी एकदा तरी कॅमेऱ्याकडे बघा!"

आजोबा म्हणाले, "बघत होतो की. तुम्हीच बघू देईनात."

फोटो माझ्या टेबलावर आहे. चौदा माना, चौदा दिशांना. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "एवढं काय चाललं होतं तिकडे?" बाळ तेवढं सरळ कॅमेऱ्याकडे बघतंय असं वाटतं, पण ते झोपलंय.