कावळा नाका ते लंडन

(दृश्य : कोल्हापुरातला कावळा नाका, रात्रीची वेळ. मुंबईच्या बसच्या डिकीत बॅगा चढतायत.)

मुंबईची बस लागलीय. डिकीत दोन बॅगा गेल्या. एकीत कांदा-लसूण चटणी आहे, फुटू नये म्हणून जुन्या साडीत गुंडाळलेली. पोरगी शिकायला लंडनला निघालीय.

"किती तास लागतात गं?"

"दहा, पप्पा."

हे झालं नुसत्या विमानाचं.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. कोल्हापूर ते मुंबई जेमतेम ३००. पण ते पाखराला. रस्त्यानं तेच पावणेचारशेच्या पुढं जातं, आणि महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे करत पाचशेवर किलोमीटर फिरवते. पहिल्या तीनशेला अख्खी रात्र जाते, तेवढ्यातच पुढचे सात हजार उरकतात. कोल्हापूरच्या विमानतळावरून, म्हणजे उजळाईवाडीहून, विमान मिळालं तर तासाभराचं काम, पण वेळ जुळायला हवी. त्यात विमानतळावर तीन तास आधी हजेरी. घराच्या उंबऱ्यापासून तिथल्या खोलीपर्यंत चोवीस तास धरून चाला.

(दृश्य : पृथ्वीचा गोल, त्यावर ताणलेला दोरा.)

हे ७,२०० येतात कुठून? सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाशी जाते. गोलावर दोरा ताणला की तो उत्तरेकडं सरकतो : पाकिस्तान, इराण, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, युक्रेन. सगळ्यात जवळची वाट हीच. पण फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानानं भारतीय विमानांना हद्द बंद केली. मग अरबी समुद्रावरून वळसा. तिकिटावर तो दिसत नाही, घड्याळात दिसतो.

आणि वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला दहा तास, यायला नऊच्या आसपास. वाट तीच, भाडंही कमी होत नाही!

घड्याळाचा घोळ वेगळाच. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागं. सकाळी सातला मुंबई सोडली तर दहा तासांनी तिथं साडेअकराच वाजलेले असतात. आईच्या हिशेबात संध्याकाळची चहाची वेळ, लेकीचं अजून दुपारचं जेवणही नाही.

(दृश्य : फ्लोरेन्स, आर्नो नदीचा काठ.)

१८७० साली कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले, तेव्हा हा हिशेब आठवड्यांत मांडायचा होता. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये ते वारले. वय अवघं वीस. आर्नोच्या काठीच त्यांना अग्नी दिला. त्यांची स्मारक-छत्री आजही तिथं उभी आहे. उजळाईवाडीच्या विमानतळालाही राजाराम महाराजांचंच नाव आहे. पण ते दुसरे, शाहू महाराजांचे चिरंजीव. गावातही यात गल्लत होते.

(दृश्य : बसच्या काचेतून मागं पडणारे दिवे.)

"पोचलीस की फोन टाक."

"कुठं पोचल्यावर, आई?"

"पुण्याला गं."

बस पंचगंगेचा पूल ओलांडते.