शासन निर्णय वाचनालयात का पोचत नाही?

मंडळी, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला विहिरीच्या अनुदानाचा शासन निर्णय बघायचा असला तर तो तलाठ्याला गाठतो, सेतू केंद्रात जातो, नाहीतर ओळखीच्या पुढाऱ्याकडे जातो. गावच्या वाचनालयात जात नाही, कारण तिथे तो कागद नसतो. दोष ग्रंथपालाचा नाही. कागद तिथवर येण्याची वाटच आपल्या कारभारात आखलेली नाही.

आपला सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. अक्कलकोट ओलांडलं की कर्नाटक. तिथल्या 1965 च्या कायद्यात ग्रंथालय कर आहे. आपल्याकडे तो नाही. महाराष्ट्रात बहुतेक ग्रंथालयं लोकांच्या संस्था चालवतात. शासन मान्यता आणि अनुदान देतं. यामुळे गावोगावी संस्था तगल्या, हे मोठं बळ आहे. पण अनुदान ठरतं अ, ब, क, ड या वर्गावर, आणि वर्ग ठरताना पाहिली जाते ती ग्रंथसंख्या, नियतकालिकं, सभासद, उघडं राहण्याच्या वेळा. माहिती विचारायला किती जण आले आणि किती जणांना ती मिळाली, याला रकाना नाही.

ड वर्गाचं वार्षिक अनुदान 2022 च्या वाढीत 30,000 वरून 48,000 रुपये झालं. निम्मं वेतनाचं धरा, म्हणजे महिन्याला 2,000. एवढ्यावर एक माणूस रोज कुलूप काढतो. त्याने मंत्रालयाचं संकेतस्थळही चाळावं, असं म्हणण्याआधी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी अडचण खात्यांची. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतं. लोकांना लागणारी माहिती तयार होते महसूल, कृषी, ग्रामविकास, नगरविकास या खात्यांत. वाचनालयाला प्रत पाठवणं यांपैकी कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. 1954 च्या केंद्रीय कायद्याने प्रकाशकाच्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईत जाते. सोलापूर त्या साखळीत नाही.

वाट सापडते ती माहिती अधिकार कायद्यात. 2005 च्या या कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. प्रसाराच्या साधनांत सूचना फलक, वर्तमानपत्रं, इंटरनेट यांची नावं आहेत. वाचनालयाचं नाव नाही, पण ‘इतर कोणतेही साधन’ असे शब्द आहेत. त्यांचा आधार घेऊन पंचायत समिती, कृषी कार्यालय, पालिका यांना साधं पत्र द्या: कलम 4 खाली जाहीर केलेली माहिती आमच्या वाचनकक्षात ठेवायची आहे, प्रत द्यावी. याला माहिती अर्जाचं 10 रुपयांचं शुल्क लागत नाही, तशी उत्तराची 30 दिवसांची मुदतही लागू होत नाही. उत्तर आलं नाही तर कलम 6 खाली रीतसर माहिती मागणारा अर्ज करा. इथे हमखास एक चूक होते: अर्ज संस्थेच्या नावाने जातो. हक्क नागरिकाचा आहे, म्हणून असा अर्ज परत येऊ शकतो. कार्यवाहांनी तो स्वतःच्या नावाने करावा.

आता या माहितीचं कपाट. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, पालिकेचं अंदाजपत्रक, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, आणि 2011 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका एवढ्यावर सुरुवात होते. पुस्तिका जुनी म्हणून रद्दीत घालू नका; गावनिहाय मोजणीचा तोच शेवटचा पूर्ण आधार आहे.

शासन निर्णयांना जास्त जपावं लागतं. सुटे कागद दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयात आलेल्या पुस्तकांच्या वहीत, चढत नाहीत, म्हणून वर्षभरात हरवतात. विषयवार पाकिटांत लावा, वर्षअखेरीस बांधून घ्या आणि त्या खंडाला दाखल क्रमांक द्या. संगणकावर जपताना निर्णयावर छापलेला लांबलचक क्रमांक, म्हणजे संकेतांकच, फाइलला नाव म्हणून द्या. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, त्यामुळे फाइली आपोआप तारखेने लागतात. जुने निर्णय छायाचित्रासारखे स्कॅन केलेले असतात, शब्द टाकून सापडत नाहीत. तिथे हा संकेतांकच उपयोगी पडतो. सगळ्यात घातक चूक म्हणजे शुद्धिपत्रक, म्हणजे आधीच्या निर्णयातली दुरुस्ती सांगणारा कागद, न जोडणं. रद्द झालेली अट वाचून माणूस अर्ज करतो आणि हेलपाटे घालत राहतो. नवा निर्णय आला की त्याच्या वरच्या संदर्भांत कोणते जुने निर्णय आहेत ते बघा, त्या प्रतींवर लाल शाईने नव्याची तारीख लिहा. जुनी प्रत काढून टाकू नका. त्या काळात मंजूर झालेल्या प्रकरणाला तीच लागते.

सूची मात्र वाचकाच्या बोलीत करा. निर्णयाचा मथळा ‘कार्यपद्धती विहित करणेबाबत’ असा असतो. विचारणारा ‘विहिरीचे पैसे’ म्हणतो. पाकिटावरच्या चिठ्ठीवर ‘विहीर’ लिहा. सोलापूरच्या पूर्वभागात त्याच चिठ्ठीवर तेलुगूत, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये एक ओळ घाला. निर्णय मराठीतच राहील, पण कोणतं पाकीट उघडायचं ते विणकराच्या घरातल्या आजीलाही कळेल.