नऊ ठोकळे

(दृश्य : पाटावर विखरून बसवलेले नऊ ठोकळे)

परीक्षक तीन ठोकळ्यांवर एकामागून एक बोट ठेवतात. त्याच क्रमानं समोरच्या मुलीनं बोट ठेवायचं. पाहा.

तिन्ही बरोबर. आता चार.

आता तोच खेळ, पण आकडे ऐकून. सात, दोन, पाच, नऊ.

डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेकांमध्ये हा फरक दिसतो. पाहिलेला क्रम बऱ्यापैकी टिकतो, ऐकलेला लवकर निसटतो. ऐकू कमी येत असेल, उच्चार जड जात असतील, ही शंका रास्तच. दोन्ही अडचणी या मुलांमध्ये जास्त आढळतात. संशोधकांनी त्यांचा परिणाम वेगळा काढून पाहिला, तरी फरक उरलाच.

(दृश्य : गुणसूत्रांच्या जोड्या)

एकविसाव्या जागी थांबा. डाऊन सिंड्रोममध्ये इथे दोन नाहीत, तीन गुणसूत्रं असतात. १९५९ साली पॅरिसमधून हा शोध जाहीर झाला, तो जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पें या तिघांच्या नावानं. पेशी वाढवून त्यांतली गुणसूत्रं दिसतील अशी व्यवस्था गोतिए यांनी उभी केली होती. श्रेय मात्र कितीतरी वर्षं लेज्यून यांच्याच पदरात पडत राहिलं.

या एका जादा गुणसूत्राबरोबर दोनशेहून अधिक जनुकांची तिसरी प्रत येते.

(दृश्य : मेंदूचं स्कॅन, मग एक भाग रंगवलेला)

हा रंगवलेला भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. सकाळी कोण आलं होतं, चष्मा कुठे ठेवला, अशा नव्या आठवणी पक्क्या होण्यासाठी तो लागतो. डाऊन सिंड्रोममध्ये मेंदू एकूणच थोडा लहान असतो, आणि त्या मानानंही हा भाग आणखी लहान भरतो. सरावानं अंगवळणी पडणाऱ्या गोष्टी मेंदू वेगळ्या वाटेनं शिकतो. तिथे अडचण पुष्कळ कमी.

(दृश्य : दुधाळ पाण्याच्या हौदात पोहणारा उंदीर)

पाण्याखाली एक छोटा चौथरा लपवलेला आहे. हौदाबाहेरच्या खुणा लक्षात ठेवून उंदरानं तो शोधायचा. हा साधा उंदीर. दिवसागणिक त्याची वाट आखूड होत जाते. आणि हा दुसरा. माणसाच्या एकविसाव्या गुणसूत्रावर असतात त्यांतल्या अनेक जनुकांची जादा प्रत त्याच्यात आहे. तो अजून घिरट्या घालतो आहे.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली हिप्पोकॅम्पसचा काप)

अशाच उंदराच्या मेंदूचा हा काप. प्राणवायू मिसळलेल्या द्रवात तो काही तास जिवंत राहतो. डावीकडची बारीक तार विजेचे झटके देते, उजवीकडची उत्तर टिपते. साध्या उंदराच्या कापात झटक्यांच्या मालिकेनंतर पेशींमधला दुवा बळकट होतो आणि तसाच राहतो. आठवण जमा होण्याची ही पायाभूत क्रिया समजतात. या कापात ती जेमतेम होते. पेशी निकामी आहेत म्हणून नव्हे. एकमेकींना गप्प करणारे संदेश प्रमाणाबाहेर आहेत म्हणून, हार्मोनियमचा भाता कुणी हातानं दाबून धरावा तसं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे गप्प करणारे संदेश औषधानं अडवले, आणि पडद्यावरची रेघ वर चढली. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच गुणाचं औषध अगदी कमी मात्रेत जिवंत उंदरांना दिलं. त्यांची स्मरणशक्ती सुधारली, आणि औषध बंद केल्यावरही काही आठवडे सुधारलेली राहिली.

याच दिशेनं माणसांसाठी आखलेल्या एका औषधाच्या चाचण्या २०१६मध्ये, अपेक्षित परिणाम न दिसल्यानं, थांबवण्यात आल्या. आणि एकविसाव्या गुणसूत्रावरच्याच एका जनुकामुळे चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा साठू लागतात.

(दृश्य : भिंतीवर चित्रांची पट्टी, शेजारी उघडं दप्तर)

डबा, वही, कंपास, पाण्याची बाटली. एकेक चित्र, त्याच क्रमानं. मुलगी पट्टीकडे पाहते, वस्तू आत टाकते, पुन्हा पाहते. तोंडी सांगितल्या असत्या तर चारपैकी दोनच वस्तू दप्तरात गेल्या असत्या, असं तिच्या शिक्षिका सांगतात. आता त्या सूचनाही बदलून देतात : आधी चित्र हातात, मग शब्द, आणि एका वेळी एकच. वर्गातल्या चाचण्यांतही त्यांना हेच हवं आहे.