आधी पार्किंग मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

पार्ल्यातली आमची जुनी तीनमजली इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे टॉवर उभा राहिला. गाड्यांसाठी मशीनचं पार्किंग आलं. लोखंडी फळ्या, एकीवर एक. बटण दाबलं की वरची फळी गाडीसकट खाली येते. त्या मशीनच्या खांबावर पत्र्याची एक पाटी आहे : गाडीची कमाल उंची १५५० मिलिमीटर. रोज तिच्यासमोरून जायचे, पण ती वाचली नव्हती. वाचली ती या दिवाळीनंतर, आणि तोपर्यंत आम्ही नव्या गाडीसाठी दोन शोरूममध्ये चहा पिऊन, रंगसुद्धा ठरवून आलो होतो.

आमच्या घरात शेवटची नवी गाडी आली २००९ च्या दसऱ्याला. छोटी हॅचबॅक, पेट्रोलवर चालणारी. मुलीची शाळा, कॉलेज, सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या, गणपतीत रत्नागिरी, सगळं तिनं केलं. १५ वर्षं झाली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला. आता मात्र बदलायची होती, आणि आयुष्यात एकदा तरी चांगली गाडी घ्यायची असं माझ्या नवऱ्याच्या मनात होतं. बीएमडब्ल्यूची एक्स१, ऑडीची क्यू३, मर्सिडीजची जीएलए, या गटातली. या इच्छेत मला काही गैर वाटत नाही. माणसानं नोकरीतून निवृत्त होताना हौस करावी. पण इतक्या वर्षांनी शोरूमची पायरी चढणाऱ्याला काय बघायचं हेच आठवत नाही, आणि समोरचा विक्रेता दाखवतो तेवढंच दिसतं. आम्हाला त्यानं काचेचं छप्पर दाखवलं, रात्री रंग बदलणारे दिवे दाखवले. गाडी लावता कुठे, हे एकानंही विचारलं नाही.

या तिन्ही गाड्यांची उंची १६०० मिलिमीटरच्या वर आहे. म्हणजे आमच्या वरच्या फळीवर एकही जात नाही. रुंदी १८३० ते १८५० च्या आसपास, आणि दोन्ही आरसे उघडे धरले तर २ मीटरच्या वर. ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द ऐकून फसू नका. लांबी साडेचार मीटरच्या जवळपास आहे, आमच्या जुन्या गाडीपेक्षा जवळजवळ पाऊण मीटर जास्त. मी शिवणकामाची टेप घेऊन खाली गेले आणि आमची फळी, गेटची कमान, रॅम्पचं वळण सगळं मोजलं. तुम्हीही मोजा. पाटीवरचं वजनही वाचा, कारण या गाड्या दीड टनाच्या आसपास किंवा वर जातात.

तळाच्या फळ्यांना उंची जास्त मिळते. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांची छोटी सेदान असायची. नवरा त्यांच्याकडे जाऊन बसला, मग जागेच्या अदलाबदलीसाठी आम्ही दोघांनी मिळून सेक्रेटरींना अर्ज दिला. हे काम बुकिंगच्या आधी करायचं असतं. पैसे भरल्यावर शेजाऱ्याला विनवायला गेलात तर तुमची अडचण त्याला आधीच कळलेली असते.

मग आला मागच्या सीटचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच होते. सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्यांना आम्ही मुद्दाम सोबत नेलं. जुन्या गाडीत बसताना त्यांना खाली वाकावं लागायचं आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा. या उंच गाडीत सीट त्यांच्या कमरेच्या पातळीला येते. त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, सीटवर टेकल्या आणि मग एकेक पाय आत घेतला. उतरताना मात्र दाराचा उंबरा रुंद असल्यामुळे पोटऱ्या त्याला घासल्या. पावसाळ्यात तो उंबरा चिखलाचा असणार, म्हणजे साडीचा काठ भरणार. एका गाडीत उंबरा अरुंद होता, दुसऱ्या गाडीत मांडीखालचा आधार तोकडा. हे कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोरूममध्ये न्या, दहा मिनिटं मागे बसवा, तीनदा चढा-उतरायला लावा. विक्रेत्याला घाई असली तरी तुम्ही घाई करू नका.

आता टायर. आमच्या जुन्या गाडीच्या टायरवर १६५/८० लिहिलेलं होतं. म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद, आणि रबराच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, साधारण १३२ मिलिमीटर. या गाड्यांच्या मोठ्या चाकांवर २२५/५० सारखा आकडा दिसतो. भिंत राहिली ११२ मिलिमीटर. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या खड्ड्याचा दणका ही भिंतच सोसते. ती कमी झाली की दणका चाकाच्या अलॉय धातूला आणि पाठीच्या मणक्याला. म्हणून त्याच मॉडेलमध्ये एक इंच लहान चाकांचा पर्याय असेल तर तो घ्या, दिसायला थोडं उणं वाटलं तरी चालेल. आणि डिकीची गादी उचलून स्टेपनी आहे का ते डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत पंक्चर होऊनही थोडं अंतर जाणारे रनफ्लॅट टायर असतात, काहींत बारीक कामचलाऊ चाक असतं. कशेडी घाटात रात्री हा फरक समजून घेण्यात अर्थ नाही.

पाण्याबद्दल बोलताना माझा आवाज जरा चढतो, कारण २६ जुलै २००५ मी पाहिलेला आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. उंच गाडी आहे म्हणून अंधेरीच्या किंवा मिलन सबवेच्या पाण्यात घालू नका. इंजिन बाहेरची हवा आत ओढतं. हवेबरोबर पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायची नाही, टो करून न्यायची. इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च साध्या विम्यात धरला जात नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं, आणि मुंबईकरानं ते घ्यावंच.

डिझेल की पेट्रोल? २००९ मध्ये उत्तर सोपं होतं, जास्त फिरणार तो डिझेल घेई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाडीच्या धुराचा कडक नियम आला, आणि धुरातली काजळी अडवणारी गाळणी प्रत्येक डिझेल गाडीत आली. ती गाळणी साफ व्हायला गाडी बऱ्यापैकी वेगात काही वेळ सलग पळावी लागते. पार्ले ते दादर, सिग्नलला थांबत जाणाऱ्या गाडीत ती तुंबते. दर शनिवार-रविवार पुण्याला जाणाऱ्यानं डिझेल जरूर घ्यावं. आम्ही तसे नाही.

या गटात गिअरबॉक्स बहुधा दोन क्लचचा ऑटोमॅटिक असतो. मोकळ्या रस्त्यावर तो लोण्यासारखा चालतो, पण इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत काही गाड्या हलका हिसका देतात. म्हणून टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. आम्ही बुधवारी संध्याकाळी साडेसहाला हायवेवर, विमानतळाच्या उड्डाणपुलाजवळ घेतली. ४० मिनिटांत जेमतेम पाच किलोमीटर गेलो, आणि दोन गाड्यांमधला फरक तिथे कळला.

पैशाचं थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि वरचा सेस गेला. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. ४५ लाखांची गाडी धरली तर एवढ्यानेच ९० हजारांचा फरक पडतो. १० लाखांवरच्या गाडीवर कापला जाणारा एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच घेतलेला आयकर, रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा. एका कोटेशनमध्ये ‘हाताळणी खर्च’ अशी ओळ होती. कशाचा म्हणून विचारलं तर नीट उत्तर आलं नाही, आणि लेखी मागितल्यावर ती ओळच गेली. विमाही शोरूममधूनच घ्यायचं बंधन नाही.

इलेक्ट्रिकचा विचार आम्ही मनापासून केला. जीएसटी पाचच टक्के, आणि एक्स१च्या इलेक्ट्रिक भावंडाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८०० मिलिमीटर, म्हणजे मागे पाय पसरून बसता येतं. सासूबाईंना तीच सगळ्यात आवडली होती. पण हलत्या फळीपर्यंत चार्जरची वायर न्यायची कशी, यावर आमच्या सोसायटीत तीन मीटिंगा होऊनही मार्ग निघाला नाही. मला त्याची हळहळ आहे.

शेवटी पेट्रोलची एक्स१ बुक केली, लहान चाकांवर. गाडी यायला पाच आठवडे आहेत. काकांनी त्यांची सेदान कालच वरच्या फळीवर चढवली, आणि अदलाबदलीचं पत्र सोसायटीच्या फाइलला लागलं आहे.