पेरणाऱ्याचा दाखला आणि अगोगोंची नाचणी

ठण, ठण, ठण. व्हिडिओतला हा आवाज ऐका आधी. ही घंटा नाहीये, ट्रकच्या चाकाची जुनी लोखंडी रिम आंब्याच्या फांदीला टांगलीये आणि तो मुलगा मोठ्या बोल्टनं ती वाजवतोय. सकाळचे साडेसहा वाजलेत, महिना जुलैचा, आणि हो, आफ्रिकेत थंडी पडते, बघा ना सगळे कसे अंगावर कापड गुंडाळून चालत येतायत.

हा मलावी देश, जिल्हा देद्झा. राजधानी लिलाँग्वेपासून हायवेनं दक्षिणेला यायचं, देद्झाचा डोंगर दिसायला लागला की डांबरी रस्ता सोडायचा आणि मग ही लाल धूळ, पिकअपच्या मागे बसलो होतो त्यामुळे सगळ्यांचे केस संध्याकाळपर्यंत एकाच रंगाचे. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लिलाँग्वे, तिथून इथे. आम्ही सहा जण, महाराष्ट्रातल्या एकाच चर्चच्या मंडळीतले, दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपसाठी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मिशन ट्रिप म्हटलं की लोकांना वाटतं की तिथे कुणी येशूचं नावच ऐकलं नसेल. तसं अजिबात नाहीये. मलावीत बहुतेक लोक ख्रिस्तीच आहेत. मध्य मलावीत म्वेराला १८८९ साली दक्षिण आफ्रिकेच्या डच रिफॉर्म्ड चर्चचं मिशन सुरू झालं, आणि १९२२ साली त्यांच्या भाषेत, चिचेवात, अख्खं बायबल छापून आलं. त्याच वर्षी आपल्याकडे पंडिता रमाबाई आपल्या मराठी भाषांतराचं काम उरकून देवाघरी गेल्या. म्हणजे वचन दोघांकडेही शंभराहून जास्त वर्षं आहे. अडचण वेगळी आहे. एकेका पाळकाकडे कितीतरी प्रार्थनाघरं, पाळक येणार महिन्या-दोन महिन्यातून एकदा, मग मधल्या रविवारी शिकवणार कोण? तर मंडळीतले वडील, म्हणजे एल्डर, आणि संडे स्कूलच्या बाया. त्यांना कुणी कधी शिकवायला शिकवलेलंच नाही. आम्ही त्यांच्यासाठी गेलो होतो.

पाळकाला चिचेवात म्हणतात म्बुसा, मानानं बोलायचं तर अबुसा. आणि मेंढपाळालाही हाच शब्द. योहानाच्या दहाव्या अध्यायातला 'उत्तम मेंढपाळ' तिथे म्बुसाच आहे. पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा मी वहीत दोनदा लिहून ठेवलं, कारण आपण मराठीत पाळक म्हणतो तेव्हा त्यातला पाळणारा आपल्याला कुठे ऐकू येतो?

हा वर्ग बघा. पंचवीसेक जण, निम्म्याहून जास्त बाया, चितेंजे नेसलेल्या, पाठीला बाळ बांधलेलं. पुस्तकं बंद. पद्धत अशी की एकजण गोष्ट सांगणार, वाचून नाही, सांगून. मग दुसरी तीच गोष्ट परत सांगणार, काही सुटलं किंवा पदरचं घातलं तर बाकीचे लगेच हात वर करणार, आता बायबल उघडा आणि ताडून बघा. मग चार जणांनी करून दाखवायची. मग प्रश्न, देवाबद्दल काय कळलं, माणसाबद्दल काय कळलं, आपण आता काय करायचं, आणि ही गोष्ट आज घरी जाऊन कुणाला सांगणार? एका गोष्टीला अख्खी सकाळ जाते. आमच्यातल्या एकदोघांना पहिल्या दिवशी वाटलं की फार हळू चाललंय, आणलेल्या नोट्स तशाच राहणार. राहिल्याच, आणि बरं झालं.

तिसऱ्या दिवशी लूकचा आठवा अध्याय होता, पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, पेरताना काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. आमच्या एका ताईंनी सांगितला, तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी चिचेवात आणला. संपल्यावर सगळे गप्प. मग मागून हे निळ्या स्वेटरवाले काका उठले आणि म्हणाले, हा कसला शेतकरी? बी वाटेवर कशाला टाकतो?

बरोबरच आहे त्यांचं. हे शेत बघा. तिथे मका वरंब्यावर लावतात, खासूनं, म्हणजे आपल्या कुदळीसारख्या अवजारानं खळगा करायचा, मोजून दाणे टाकायचे, पायानं माती सरकवायची. एक दाणा वाया जाऊ देत नाहीत, कारण त्याच मक्याची न्सिमा, म्हणजे पिठाची घट्ट उकड, वर्षभर खायची असते. बी मुठीनं उधळणारा माणूस त्यांना वेडाच वाटणार. आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं. म्हणजे जुन्या यहूदी देशातल्या शेतीबद्दल बोलता आलं असतं, पण ते सांगून त्या काकांच्या काय हाती लागलं असतं?

उत्तर या आजींनी दिलं. सगळे त्यांना अगोगो म्हणतात, म्हणजे आजीच. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, अरे, मावेरे विसरलात का? माझी आई मावेरे हातानंच फेकायची, वारा आला की वाटेवर जायचंच थोडं, दगडावरही जायचं, आई काही थांबायची नाही. आणि तो हात बघा, तो हात.

(इथे निवेदन नको, अगोगोंचा आवाज तसाच राहू दे.)

दुसऱ्या दिवशी त्या स्टीलच्या कपात मावेरे घेऊन आल्या. क्लोजअप बघा, लालसर बारीक दाणे. आमच्यातला रत्नागिरीचा भाऊ कपात बोट घालून ओरडलाच, अरे ही तर नाचणी! नाचणीच होती. आणि नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी तिकडूनच आपल्याकडे आली. आपण ज्याला आपलं धान्य म्हणतो त्याचं माहेर तिकडे, आणि त्याच दाण्यानं तो दाखला त्या दिवशी आमच्यासाठीही उघडला. पुढचे सगळे धडे मग अगोगोंना विचारूनच घेतले.

आता हे निळं पाणी. मलावी सरोवर, केप मॅक्लिअर. परत निघायच्या आधी एक दिवस इथे आलो. झाडाखालच्या या थडग्यांमध्ये १८७५ साली आलेल्या स्कॉटिश मिशनचे लोक आहेत, मलेरियानं इतके गेले की १८८१ मध्ये मिशन बांदावेला हलवावं लागलं. त्यांची नावं पुस्तकांत सापडतात. पण १८७६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या लव्हडेलहून चार आफ्रिकन शिक्षकही आले होते, त्यातला विल्यम कोयी न्गोनी लोकांमध्ये राहिला, त्यांच्या भाषेत बोलला, आणि १८८६ साली वारला. त्याचं नाव किती जणांना माहितीये?

आणि नाशिकवाल्यांनो, हे तर तुमचं आहे. शरणपूर रोडवरून रोज जाता ना? त्या शरणपूरमध्ये गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. तिथे शिकलेला जेकब वेनराइट, याओ समाजातला, म्हणजे मलावी सरोवराकडच्याच लोकांतला मुलगा. १८७३ साली आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना त्यानं वाचली, झाडावर त्यांचं नाव त्यानं कोरलं, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. लिव्हिंगस्टनबरोबरचा दुसरा चुमा, तोही याओ, मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला आणि १८६५ मध्ये तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे या वाटेनं आपल्याकडून वचन घेऊन गेलेल्यांत आफ्रिकनही होते. मला हे शाळेत कुणी सांगितलं नाही, चर्चमध्येही नाही.

आमच्यातल्या एकाला परतल्यावर मलेरिया निघाला, आता बरा आहे. गावात वर्ग दर शनिवारी चालू आहे, आजूबाजूच्या चार प्रार्थनाघरांत तेच लोक शिकवतात, मास्तरांचे मेसेज येतात.

हे शेवटच्या सकाळचं शूटिंग आहे. पुढे अगोगो, आम्ही सहा जण मागे पोरांच्या ओळीत चटईवर. दाखला तोच, पेरणाऱ्याचा. भाषांतर करायला त्या दिवशी मास्तर नव्हते, आणि गरजही पडली नाही. हात बघा.

(गाणं सुरू होईपर्यंत शॉट कापू नका.)